कडीच्या पट्टीवरचा डाग

परत आलेली पहिली पेटी मला अजून आठवते, कारण ती आणणाऱ्या बाईंनी ती घरात आणलीच नाही. नवरीची आई होत्या त्या, म्हापशाहून बसने आल्या होत्या. पेटी पायरीवर ठेवली, वरची चादर सोडली आणि माझ्या सासूला म्हणाल्या, "पळयात. चेडवाच्या लग्नाक चार म्हयने जावंक नात."

फणसाच्या लाकडाची पेटी, आमच्याच शेडमध्ये बनलेली. आठ कोपऱ्यांना पितळी पत्रा, मागे दोन बिजागऱ्या, पुढे तळहाताएवढी पितळी पट्टी आणि तिच्यावर कडी. कोपरे लखलखत होते. बिजागऱ्या लखलखत होत्या. फक्त कडीच्या पट्टीवर बरोबर मध्ये एक काळा डाग होता, बोटाच्या पेराएवढा. मी ओंजळीत पाणी घेऊन पुसून पाहिला. डाग वर नव्हताच, लाखेच्या थराखाली होता.

"डाग कडयेर पडलो," त्या बाई म्हणाल्या. "सासरची माणसां कितें म्हणटात म्हायत आसा?"

सासूबाईंनी पेटीकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

तिथून साडेतीन वर्षं माझ्या हातांना काय काय ऐकावं लागलं ते मी इथे लिहिणार आहे. माझ्यावर झालेला अन्याय वगैरे मला सांगायचा नाही. त्या काळात माझ्या नणंदेची पेटी कोणी पूर्ण करायची हा एक प्रश्न उभा राहिला आणि तो सुटेपर्यंत मला कळून चुकलं की घरात एक माणूस खरं काय ते जाणून होता आणि सुपारी चघळत गप्प बसला होता.

मी सावंतवाडीची. माझ्या वडिलांच्या घरी लाकडी खेळण्यांना लाख लावायचं काम चाले. लग्न करून आले ती डिचोलीकडे, खाणीच्या रस्त्यालगतच्या घरात. सासरे आणि नवरा पेट्या करत. नवरीबरोबर सासरी जाते ती पेटी: तिचे दागिने, दोन भरजरी साड्या, करंडा, असलं सगळं तिच्यात. सासरे लाकडाला हात लावायचे तेव्हा बघत राहावं असं काम होतं त्यांचं, हे मला कबूल करावंच लागेल. सांधा कुठे आहे ते नखाने शोधावं लागे.

पितळ मात्र त्या घरात उघडंच ठेवत. पेटी विकायच्या दिवशी चिंचेने आणि राखेने घासून चकचकीत करायची आणि द्यायची. वर्षभरात ती काळवंडे. मग गणेश चवथीला घरातली समई, तांब्या, घंटा घासायला निघतात त्यांच्याबरोबर पेटीचं पितळही बायका घासून काढत. पिढ्यान्पिढ्या असंच चालत आलं होतं आणि त्यात काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते गिऱ्हाइकं बदलल्यावर. म्हापशातल्या, वास्कोतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, नोकरीला जाणाऱ्या मुलींना पेटी हवी होती, पण चिंच घेऊन घासत बसायला वेळ नव्हता. पितळ घासलं नाही तरी चमकत राहिलं पाहिजे, असं त्यांच्या आया सांगून जात. सासऱ्यांना काही सुचेना. तेव्हा मीच म्हटलं, लाख लावू.

त्याची रीत अशी. पितळ आधी हवं तेवढं घासून घ्यायचं. चिंचेचा अंश राहिला तर तोच पुढे खातो, म्हणून धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं. त्यानंतर उघड्या बोटाने शिवायचं नाही. बोटाचा घाम कुणाचाही असो, त्याचा ठसा उमटतो आणि लाखेखाली अडकला की काळा होत जातो. मलमलच्या फडक्यात धरायचं, स्पिरिटने पुसायचं आणि मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख मऊ कुंचल्याने पातळ लावायची. एक हात, तो वाळला की दुसरा, मग तिसरा. पितळ किंचित कोमट असावं, म्हणजे लाख दुधाळ होत नाही. जाड एकच हात द्यायचा मोह होतो, तो आवरायचा. जाड थर सोलून निघतो.

आमच्याकडे आणखी एक त्रास होता. रस्त्यावरून खनिजाच्या गाड्या धावत आणि तांबडी धूळ उडे. ओल्या लाखेवर ती बसली की संपलंच. म्हणून मी मधल्या खोलीत काम करत असे. जनेल म्हणजे खिडकी बंद, दारावर ओलं गोणपाट, आणि वेळ दुपारची, गाड्यांचे ड्रायव्हर जेवायला थांबत तो तासभर. त्या तासात मला कुणी हाक मारलेली चालत नसे. पहिल्या वर्षी सासूबाई याचं कौतुक करत. शेजारणींना सांगत, "आमची सून वाडयेची विद्या घेवन आयल्या."

आणि तरीही पट्टी काळी पडली.

त्याला कारण होतं आणि ते रोज माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. सासरे पितळ ठोकून पेटी तयार करत आणि दिवेलागणीला सासूबाई तिला हळद-कुंकू वाहत. ही लक्ष्मीची जागा, तिला कुंकवाशिवाय दुसऱ्याच्या घरी पाठवायची नाही, हा त्यांच्या सासूने घालून दिलेला नियम. करंड्यातलं कुंकू पाण्याने ओलं करायचं आणि अनामिकेने कडीच्या पट्टीवर टेकवायचं, बरोबर मध्ये. सकाळी पदराने पुसून पेटी माझ्याकडे येई.

पहिल्याच पेटीच्या वेळी मी पट्टीवर स्पिरिटचं फडकं टेकवणार इतक्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"कुंकवाचेर सोरो लायता गो तूं?"

सोरो म्हणजे दारू. स्पिरिटचा वास त्यांना दारूसारखा आला आणि तो काही अगदीच चुकीचा नव्हता.

"आई, हे औषध आहे. पितळ साफ करायचं."

"दारू ती दारू. कोपऱ्यांक लाय, पट्टयेक ना."

"पण लाख तरी मी याच दारूत विरघळवलीय."

"लाख ती लाख," त्या म्हणाल्या. "लाखेच्यो बांगडयो आमी हातांत घालतांव."

माझ्या लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. मी हसले आणि पट्टी कोरड्या फडक्याने पुसून लाख लावली. पुढच्या प्रत्येक पेटीला तसंच केलं. आज मला त्यांच्यापेक्षा माझ्या त्या हसण्याचा जास्त राग येतो. काम माझं होतं. ते कसं करायचं हे मला माहीत होतं. घरात शांतता राहावी म्हणून मी एक पायरी गाळली आणि नंतर गाळली हेही विसरून गेले. घरात रोज घडणारी गोष्ट दिसेनाशी होते. पुसलं म्हणजे गेलं असं मी धरून चालले.

पहिली पेटी परत आली त्या दिवशी सासूबाईंनी निकाल दिला. "तुज्या हातांत उश्णता आसा गो. पितळ सोंसना." काही लोकांच्या अंगावर चांदी काळी पडते, तसं माझ्या हाताखाली पितळ काळं पडतं म्हणे. मी म्हटलं, मग कोपरे कसे उजळ राहिले? ते मी नीट म्हटलं की नुसतं मनात म्हटलं, हे मला खरंच आठवत नाही. मनातच म्हटलं असावं, नाहीतर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

दुसरी पेटी वाळपईहून परत आली, तिसरी जवळच्याच गावातून. दोन्हींवर डाग त्याच जागी. पितळाला डाग पडला एवढ्यावर लोक थांबले असते तर मी सोसलं असतं. पण नवरीच्या पेटीच्या कडीवर काळा डाग म्हणजे काय, याचे अर्थ लावायला गावात बायकांची कमी नव्हती. तिसऱ्या पेटीनंतर शेजारच्या घरी मुलीचं लग्न होतं, तिला हळद लावायला पाच सवाष्णी बोलावल्या. मी वाटीत बोट बुडवलं तेवढ्यात मुलीची काकी पुढे झाली आणि हसत हसत म्हणाली, "तूं रांव गो बाय, तुजे हात दुखत आसतले कामान." बाकीच्या चौघींनी माना खाली घातल्या. हळदीचं बोट मी तिथेच मांडवाच्या खांबाला पुसलं आणि घरी आले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, "सोड गो. चार दिवस बोलतील, गप्प बसतील."

"तुमच्या हातांबद्दल बोलले असते तर?"

"माझे हात कोण बघतो?" म्हणाला आणि आणखी भात घेतला.

घरातली समई माझ्याकडून काढून घेतली गेली. चवथीची भांडी घासायची वेळ आली की मला नारळ खवायला बसवत. आणि मीही, मूर्खासारखी, हाताला फडकी गुंडाळून काम करायला लागले. दुप्पट काळजी. माहेरी गेले तेव्हा वडिलांना हात दाखवले. ते म्हणाले, "हात हातासारखे आहेत. घाम सगळ्यांना येतो. लाख लावायच्या आधी काय होतं ते बघ." मी म्हटलं, आधी काहीच होत नाही. खरंच मला तसं वाटत होतं.

त्याच सुमारास कोंकणी की मराठी या भाषेच्या वादावरून रस्ते अडत. झाडं आडवी पडत, बस बंद. म्हापशाहून स्पिरिट येईना. नवरा म्हणाला, लाख फेणीत विरघळव, फेणी घरात आहे. मी पेलाभर फेणीत चमचाभर चपडा टाकून दाखवला. चिकट गोळा झाला, वर गढूळ पाणी. "सोऱ्याचं वाटोळं केलंस," म्हणून त्यालाच वाईट वाटलं. सासूबाईंना मात्र नवा पुरावा मिळाला: पाहा, हिच्या हातात लाखसुद्धा विरघळत नाही.

मग गोवा राज्य झालं त्या वर्षी माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. मुलगा वास्कोला, बंदरात नोकरीला. तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त. सासऱ्यांनी घरात जपून ठेवलेला सागाचा तुकडा काढला. त्यांनी आयुष्यात केलेली सगळ्यात चांगली पेटी ती, आणि ते त्यांना करतानाच माहीत होतं. उन्हाळ्यात सुरुवात केली, पावसाळाभर रंधा मारत होते. वास्कोची हवा खारी. तिथे उघडं पितळ दोन महिन्यांत हिरवं-काळं होतं, म्हणून लाख तर लागणारच होती.

"पेटयेक ती हात लावची ना," सासूबाईंनी जेवताना सांगून टाकलं. माझं नाव घेतलं नाही. मी वाढत होते. "म्हापशाचो पॉलिशकार येतलो."

नणंद माझ्याहून सात वर्षांनी लहान, जिभेने माझ्याहून मोठी. म्हणाली, "पॉलिशवाला कपाटं रंगवतो गो आई. माझी पेटी कपाट आहे?"

"तूं ओगी रांव," आईने तिला दटावलं.

"वैनीने हात लावला तर पितळ काळं पडेल. त्या पॉलिशवाल्याला मी पाहिलाय. त्याने हात लावला तर मीच काळी पडेन."

सासरे तेवढे हसले. हसले आणि ताकाचा भुरका घेतला.

मला ती पेटी करायची होती. प्रेमाबिमाचं कारण नव्हतं, नणंदेशी माझं आठवड्यातून दोनदा भांडण व्हायचं. पण ती पेटी घरची होती. ती दुसऱ्याने पूर्ण केली असती तर साडेतीन वर्षं कुजबुजत बोललं जात होतं त्याच्यावर घरानेच शिक्का मारला असता. त्यानंतर त्या शेडमध्ये माझ्यासाठी काम उरलं नसतं, फक्त झाडू उरला असता.

श्रावणातल्या एका दुपारी पदर शिवायला म्हणून मी माझी सुयांची डबी उघडली. उरलेल्या फणसाच्या फळ्या आणि पितळाचं कातरण जोडून मी ती स्वतःसाठी केली होती, पहिल्या पेट्यांच्याच वेळी. तिलाही तळहाताच्या चौथ्या भागाएवढी पट्टी, तिलाही कडी. चार वर्षांहून जास्त काळ मी ती दिवसातून दोनदा उघडत होते. पट्टी आरशासारखी होती.

माझाच हात, तीच लाख, तेच पितळ. फरक एवढाच की सुयांच्या डबीला कुणी कुंकू लावलं नव्हतं आणि तिची पट्टी मी बिनदिक्कत स्पिरिटने पुसली होती.

मी सुई तशीच टोचून ठेवली आणि शेडमधून पितळाचे तीन तुकडे आणले. तिन्ही एकदम घासले, धुतले, वाळवले. पहिल्यावर नुसती लाख. दुसऱ्यावर सासूबाईंच्याच करंड्यातलं ओलं कुंकू, रात्रभर ठेवून सकाळी पदराने पुसलं, मग लाख. तिसऱ्यावर कुंकू, पण ते कोमट पाण्याने धुऊन, स्पिरिटने पुसून मग लाख. तिन्हींना मागून खिळ्याने एक, दोन, तीन रेघा मारल्या आणि जनेलाच्या आतल्या फळीवर ठेवले, पावसाची ओल खात. कुणाला सांगितलं नाही. चवथ आली, गेली. दसऱ्याला दुसऱ्या तुकड्यावर तपकिरी सावली दिसू लागली. दिवाळीच्या आधी तिथे काळं बोट उमटलेलं होतं. पहिला आणि तिसरा तुकडा जसेच्या तसे.

मला आनंद झाला नाही. मी इतकी चिडले की तुकडे हातात घेऊन तशीच शेडमध्ये गेले.

सासरे एकटे होते. नणंदेच्या पेटीवर कोपरे ठोकून झाले होते. मी तीन तुकडे त्यांच्यासमोर फळीवर मांडले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला, दुसरा तुकडा उचलला, उजेडात धरला, परत ठेवला.

"म्हाका खबर आसा," ते म्हणाले.

मला वाटलं, माझं बोलणं कळलं असं म्हणताहेत. मी पुन्हा सांगू लागले.

"खबर आसा गो. कुंकवान पडटा डाग. म्हजो बापूय कुंकू झाकणाच्या आंतल्यान लाकडाक लावपाक सांगतालो. पितळेक न्हय."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

ते रंध्याचं पातं अंगठ्याने तपासत राहिले. "वाळपयची पेटी आयली तेन्ना कळलें."

वाळपईची पेटी दुसरी. म्हणजे तिसरी परत येण्याआधी. त्या हळदीच्या आधी. समई काढून घेण्याआधी.

"मग बोलला का नाही?"

"तिका कोण सांगतलो?" ते म्हणाले, अगदी सरळ, जणू पाऊस पडतोय असं सांगावं तसं. "तिच्या सासूची रीत ती. तिका सांगलें जाल्यार घर वयर सकयल करतली. तुका लोक चार दीस कितें तरी म्हणटले."

"चार दिवस? साडेतीन वर्षं झाली, बाबा."

त्यांनी पातं रंध्यात परत बसवलं. त्यांना वाईट वाटलं का, मला माहीत नाही. मला तेव्हा त्याची पर्वाही नव्हती. बायकोच्या तोंडाचा पट्टा चुकवण्यासाठी या माणसाने सुनेचे दोन हात पुढे केले होते. सांधे एवढे घट्ट जोडणारा माणूस. मी म्हटलं, "पॉलिशवाला यायच्या आधी तुम्ही आईंना सांगायचं. सगळ्यांसमोर. नाही सांगितलंत तर लग्नाला जमलेल्या माणसांसमोर हे तीन तुकडे मी मांडेन, आणि तुम्हाला माहीत होतं हेही सांगेन."

तीन दिवस गेले. सांगितलं नाही. चौथ्या दिवशी दिवेलागणीला सासूबाईंनी नणंदेच्या पेटीला कुंकू लावलं. पाचव्या दिवशी पॉलिशवाला येणार होता.

त्या सकाळी सगळे घरात असताना मी पेटी ओसरीवर आणली. कोमट पाणी, मलमल आणि स्पिरिटची बाटली घेऊन बसले आणि पट्टीवरचं कुंकू धुऊन काढलं. स्पिरिटचा वास घरभर गेला तशा सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"कितें केलें गो हें! चेडवाचें कुंकू पुसलें! सोऱ्यान पुसलें!" त्यांनी कपाळावर हात मारला. नवरा उठून उभा राहिला आणि कुणाच्या बाजूला जायचं ते न कळून तिथेच थांबला. नणंद दारात, केस अर्धे विंचरलेले.

मी तीन तुकडे पायरीवर ठेवले. "यातला काळा कुठला ते सांगा, आई. आणि त्याला कुंकू कुणाच्या करंड्यातलं आहे तेही सांगते."

"देवाच्या कुंकवाक नांव दवरता?"

"कुंकवाला नाही. पितळावर ते चालत नाही एवढंच. बाबांना विचारा."

सगळे सासऱ्यांकडे वळले. ते शेडच्या दारात उभे होते, हातात कानस. मला अजून ते चित्र दिसतं आणि अजून राग येतो, कारण एवढं होऊनही त्यांनी आधी अंगणात थुंकून घेतलं, मग धोतराला हात पुसले, मग बोलले.

"तिचें सारकें. कुंकू लाकडाक लाय. बापूय तशेंच सांगतालो."

एवढंच. आपल्याला किती दिवसांपासून माहीत होतं ते गाळलं. पण सासूबाई काही मूर्ख नव्हत्या.

"बापूय सांगतालो?" त्या म्हणाल्या. "म्हणजे तुका खबर आसली. इतलीं वर्सां तोंडांत कितें आसलें तुज्या? सुपारी?"

नणंद फसकन हसली. नवऱ्याने तिला गप्प केलं. सासूबाई सासऱ्यांशी आठ दिवस बोलल्या नाहीत. ताट वाढून ठेवत आणि भिंतीला सांगत, जेवण वाढलंय. त्यांच्याबद्दल मला त्या आठवड्यात थोडी आपुलकी वाटली, हेही खरं. पण माझ्याशी त्या त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. पॉलिशवाल्याला निरोप गेला, येऊ नको. पेटी माझ्या मधल्या खोलीत आली. कुंकू त्यांनी झाकणाच्या आतून लाकडाला लावलं, बोट दाबून, लाकडात मुरेपर्यंत. मी दारावर ओलं गोणपाट टाकलं आणि दुपारच्या त्या एका तासात पहिला हात दिला. फडकी न गुंडाळता. कडेने धरून, जसं धरायचं असतं तसं.

नणंद वास्कोला गेली. समुद्राच्या वाऱ्यात पेटी पहिला पावसाळा काढून गेली, दुसराही. माहेरपणाला येई तेव्हा सांगे, शेजारणी विचारतात रोज घासतेस का. तिच्या ओळखीने पुढच्या काळात वास्कोहून पेट्यांची मागणी येऊ लागली आणि प्रत्येक पट्टी मी गिऱ्हाइकाच्या समोर स्पिरिटने पुसून दाखवायला लागले.

इथे हे संपायला हवं होतं. पण सासूबाई शेजारणींना काय सांगत होत्या ते मला सगळ्यात शेवटी कळलं.

"आतां हात सुदारलो तिचो. हांवें देवीक नवस केल्लो."

कुंकू, पितळ, स्पिरिट, तीन तुकडे, सगळं बाजूला. माझा हात वाईट होता आणि त्यांच्या नवसाने तो बरा झाला. ज्या काकीने मला हळद लावू दिली नव्हती ती स्वतः आली आणि पुढच्या हळदीचं आमंत्रण देऊन गेली. म्हणाली, "आतां कितें भंय ना." मी म्हटलं, माझे हात दुखतात कामाने.

आणि नवस फेडायला कोणी जायचं? ज्याचा हात बरा झाला त्याने. सासूबाईंनी खण, तांदूळ, फुलं आणि एक मोठा नारळ पिशवीत भरून माझ्या हाती दिला. नवरा म्हणाला, जा गो, त्यात काय आहे. सासरे शेडमध्ये होते, रंधा मारायचा आवाज येत होता. तो आवाज थोडा थांबला. मी काय म्हणते ते ऐकत असावेत.

मी गेले. देवीशी माझं काही भांडण नव्हतं. खण-तांदळाने तिची ओटी भरली, फुलं वाहिली. गाभाऱ्याबाहेरच्या मोठ्या समईच्या खोबणींत हिरवं साचलं होतं, चिंच धुऊन न काढल्याचं. पुजाऱ्याला सांगितलं की घासल्यावर सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा. त्याने समईकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, आणि विचारलं, "तुमी त्या पेटयेकारांची सून न्ही? हात सुदारलो तीच?"

मी नारळाला हात घातला होता. तो मी पिशवीत परत ठेवला.

घरी येऊन तो कोयत्याने फोडला, आडाळ्याच्या खवणीवर खवला आणि त्याचा रस काढून त्या दिवशी सोलकढी केली. सासूबाईंनी विचारलं, नारळ देवीला दिला ना? मी म्हटलं, दिला. नवरा दोन वाट्या प्याला. सासऱ्यांनी पहिला घोट घेतला, पिशवी टांगलेल्या खुंटीकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वाटी पुढे केली.

त्यांना कळलं होतं. या वेळीही ते काही बोलले नाहीत. मी वाटी भरली.